परदेशात कंपनी काढली म्हणजे व्हिसा मिळतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांचं तासगावजवळ बेदाण्याचं शेड आहे आणि सांगलीत हळदीचा व्यापार. फर्म एकट्याच्या नावावर. पुतण्या इंग्लंडमध्ये एमएस्सी करतोय. पुण्याच्या एका कन्सल्टंटनं सांगितलं, ‘लंडनमध्ये कंपनी काढून देतो, तुम्ही डायरेक्टर झालात की व्हिसा आपोआप होतो.’ पस्तीस हजार ठरलेत, त्यातले दहा दिलेत. दुसरा एक जण म्हणतो, लंडन कशाला, दुबई सोपी. तर परदेशी माणसाला तिकडं कंपनीचा मालक होता येतं का, आणि त्यासाठी कोणता व्हिसा लागतो?

मालक होता येतं. त्यासाठी बहुतेक देशांत व्हिसा लागतच नाही. पण मालक झालात म्हणून व्हिसाही मिळत नाही. इंग्लंडमध्ये तर नाहीच. दुबईचं थोडं वेगळं आहे, ते पुढं सांगते.

मी सांगलीत सव्वीस वर्षं सीएची प्रॅक्टिस करते. हळद, बेदाणा, द्राक्ष आणि कुपवाड एमआयडीसीतले छोटे कारखानदार, ही माझी माणसं. व्हिसाचा अर्ज मी भरत नाही, ते त्या त्या देशातल्या वकिलाचं काम. पण तो अर्ज फसला की निस्तरायला कागद माझ्या टेबलावर येतात, त्यामुळं कुठं ठेच लागते ते माहीत झालंय.

आपल्याकडची अडचण मला नेहमी गलाईवाल्यांवरून, म्हणजे सोनं-चांदी गाळून देणाऱ्यांवरून कळते. खानापूर-आटपाडीकडची माणसं विट्यातून उठली, देशभर कुठं कुठं गेली, दुकान टाकलं आणि त्याच दुकानाच्या माळ्यावर झोपली. दुकान आणि मुक्काम या दोन वेगळ्या गोष्टी असतात हे त्यांना कधी कुणी सांगितलंच नाही, कारण देशाच्या आत त्या वेगळ्या नसतात. सीमा ओलांडली की होतात. तिथं कंपनीची नोंदणी करणारं खातं निराळं, तुम्हाला देशात घेणारं खातं निराळं, आणि पहिल्यानं दिलेला कागद दुसरा विचारातही घेत नाही.

साखर कारखान्याचे सभासद असाल तर लगेच समजेल. शेअर तुमच्या नावावर, सभेत हात वर करायचा हक्क तुमचा, दिवाळीची साखर तुमची. म्हणून उद्या सकाळी जाऊन वजनकाट्यावर बसता येतं का? वॉचमन आत सोडणार नाही. काट्यावर बसायला नेमणुकीचं पत्र लागतं. परदेशातल्या कंपनीत तुमचा शेअर म्हणजे सभासदत्व, आणि काम करायला परवानगी देणारा व्हिसा म्हणजे ते नेमणुकीचं पत्र. तुम्ही शंभर टक्के शेअरचे मालक असलात तरी.

उलटं करून बघा. उद्या एखाद्या इंग्रजाला सांगलीत प्रायव्हेट लिमिटेड काढायची असेल तर आपला कायदा काय म्हणतो? शेअर घे बाबा, बहुतेक धंद्यांत शंभर टक्के घे. फक्त एक तरी संचालक वर्षात १८२ दिवस भारतात राहणारा हवा. पण तो इंग्रज टुरिस्ट व्हिसावर येऊन गोडाऊनमध्ये पोती मोजायला लागला तर चालणार नाही, त्याला बिझनेस किंवा एम्प्लॉयमेंट व्हिसाच घ्यावा लागेल. आपण त्यांना जे लावतो तेच ते आपल्याला लावतात.

आता इंग्लंड. तिथं कंपनीज हाऊस नावाचं नोंदणी कार्यालय आहे. संचालक इंग्लंडचा रहिवासी असावा अशी अट नाही. वय १६ पूर्ण हवं आणि किमान एक संचालक हाडामांसाचा माणूस हवा, एवढंच. नोंदणीचा पत्ता मात्र तिथलाच लागतो, आणि ४ मार्च २०२४ पासून नुसता पोस्ट बॉक्स चालत नाही. १८ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या संचालकाला स्वतःची ओळख पडताळून घ्यावी लागते. पंचवीस टक्क्यांहून जास्त हिस्सा असेल तर तुमचं नाव जगजाहीर नोंदीत दिसतं. ऑनलाइन नोंदणीची सरकारी फी १ मे २०२४ च्या आधी अवघी १२ पौंड होती. ती वाढलीय, पण आजही पस्तीस हजाराच्या आसपास जात नाही. बाकीचे पैसे पत्त्याचे आणि कन्सल्टंटच्या मेहनतीचे, ते त्यानं घ्यावेत, माझी हरकत नाही.

हे सगळं मार्केट यार्डात बसून होतं. अडतीच्या गादीवर बसून तुम्ही लंडनच्या कंपनीचे संचालक होऊ शकता, ठराव करू शकता, मेलवर ऑर्डरी घेऊ शकता. भारतातून चालवायला इंग्लंडचा व्हिसा कशाला?

तिकडं जायची वेळ आली की खरा प्रश्न सुरू होतो. भेटीचा साधा व्हिजिटर व्हिसा घेऊन गेलात तर एका खेपेला सहा महिन्यांपर्यंत राहता येतं आणि धंद्याची बरीच कामं चालतात. गिऱ्हाइकाला भेटणं, भाव ठरवणं, करारावर सही करणं, प्रदर्शनात जाऊन माल दाखवणं, गोडाऊन बघून येणं. चालत नाही ते म्हणजे इंग्लंडमधल्या कंपनीसाठी काम करणं आणि लोकांना थेट माल विकणं. प्रदर्शनात बेदाण्याची बरणी टेबलावर मांडा, चाखायला द्या, कार्ड द्या. पण तिथंच पाव किलो तोलून पैसे घेतलेत तर ते काम झालं.

कुपवाडचे एक फाउंड्रीवाले माझे जुने क्लायंट. इंग्रजी चांगलं, स्वभाव बोलका. त्यांनी अशीच कंपनी काढली आणि व्हिजिटर व्हिसावर निघाले. लंडनच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं बॅग उघडायला लावली. आत कंपनीचं लेटरहेड, रबरी शिक्का, ‘मॅनेजिंग डायरेक्टर’ छापलेली दोनशे व्हिजिटिंग कार्डं आणि तीन वर्षांच्या गोडाऊन भाड्याचा मसुदा. अधिकाऱ्यानं शांतपणे विचारलं, हे गोडाऊन कोण सांभाळणार? यांनी छाती पुढं काढून सांगितलं, मीच, सोमवारपासून. पुढच्या विमानानं परत. मला फोन आला तेव्हा मुंबईच्या विमानतळावर होते. ‘मॅडम, मी खोटं एक अक्षर बोललो नाही.’ खरं होतं ते. खरंच बोलले म्हणून तर परत आले. भाड्याचा करार वाटाघाटी करून सही करायला आलोय, माणूस तिथला ठेवणार आहे, असं असतं आणि तसंच करायचं असतं, तर तेवढं काम व्हिजिटरला चालतं. आता त्यांच्या प्रत्येक व्हिसा अर्जात ‘पूर्वी कधी प्रवेश नाकारला होता का’ या रकान्यात ‘हो’ लिहावं लागतं आणि खाली अर्धं पान खुलासा.

पुतण्याला पुढं करायचा विचार तुमच्या मनात येणार, म्हणून आधीच सांगते: तो शिकत असेपर्यंत नको. स्टुडंट व्हिसावर इंग्लंडमध्ये स्वतःचा धंदा करायला बंदी आहे. ज्या कंपनीत स्वतःचे दहा टक्के किंवा जास्त शेअर आहेत तिथं नोकरी केली तरी तो धंदाच धरतात. मुलाचं शिक्षण आणि व्हिसा दोन्ही जायचं आणि भावकीत तोंड दाखवायला जागा राहायची नाही. डिग्री पूर्ण झाल्यावर त्याला ग्रॅज्युएट व्हिसा मिळू शकतो. त्यावर नोकरीही चालते आणि स्वतःचा धंदाही. सध्या तो दोन वर्षांचा आहे, १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना मास्टर्सवाल्यांसाठी दीड वर्षाचा होणार आहे. याचा उपयोग आपल्याला होतो, शेवटाकडं येते त्यावर.

तुम्ही स्वतः तिथं राहून धंदा चालवायचा म्हणालात तर रस्ते मोजकेच आहेत. एक इनोव्हेटर फाउंडर. हा १३ एप्रिल २०२३ पासूनचा. आधीच्या व्हिसाला ५० हजार पौंडांची अट होती, ती यात नाही, म्हणून एजंट लोक तो स्वस्त म्हणून विकतात. पण तुमची कल्पना नवी आहे, चालण्यासारखी आहे आणि वाढण्यासारखी आहे असं सरकारनं नेमलेल्या मान्यता देणाऱ्या संस्थेनं लिहून द्यावं लागतं. तासगावचा बेदाणा कितीही गोड असला तरी इंग्लंडमध्ये बेदाणा ही नवी कल्पना नाही, तिथं शंभर वर्षांपूर्वीपासून केकात घालतात. हळदीतून काही वेगळं औषधी उत्पादन काढलं असतंत तर गोष्ट निराळी.

दुसरा रस्ता म्हणजे इथल्या चालू धंद्याची तिकडं पहिली शाखा किंवा कंपनी उभी करायला वरिष्ठ माणूस पाठवणं. त्याला एक्स्पान्शन वर्कर म्हणतात. इथला धंदा साधारण तीन वर्षं चालू असल्याचं दाखवावं लागतं, पगाराची अट मोठी आहे, आणि एकूण दोनच वर्षं राहता येतं. त्यावरून पुढं कायमचं राहणं मिळत नाही. शाखा मार्गी लावून परत यायचंय अशा माणसाला ठीक.

तिसरी म्हणजे ती सगळीकडं जाहिरात दिसते ती ‘सेल्फ स्पॉन्सरशिप’. या नावाचा व्हिसा कायद्यात नाही. परदेशी माणसाला नोकरीवर घेणाऱ्यांना लागतो तो स्पॉन्सर परवाना आपल्याच कंपनीनं काढायचा आणि आपल्यालाच स्किल्ड वर्कर म्हणून नोकरी द्यायची, असा तो जोडून केलेला प्रकार. बेकायदा नाही. पण कंपनी खरोखर चालणारी हवी, नोकरी खरी हवी, परवान्याची जबाबदारी घेणारा माणूस इंग्लंडमध्येच हवा, आणि २२ जुलै २०२५ पासून पगाराची सर्वसाधारण किमान मर्यादा वर्षाला ४१,७०० पौंड आहे. म्हणजे कंपनीनं आधी तेवढं कमवायचं, मग तुम्हाला द्यायचं. पस्तीस हजारांत यातलं काहीही बसत नाही.

दुबईवाला तुमचा दुसरा सल्लागार पूर्ण चुकीचा नाही. अमिरातीत मालकी आणि राहण्याचा परवाना यांची गाठ खरोखर मारलेली आहे. फ्री झोनमध्ये, म्हणजे धंद्यासाठी वेगळे नियम लावून राखलेल्या भागात, परदेशी माणसाला शंभर टक्के मालकी जेबेल अली या दुबईतल्या पहिल्या झोनपासून म्हणजे १९८५ पासून आहे, आणि १ जून २०२१ पासून फ्री झोनच्या बाहेरही बहुतेक धंद्यांत स्थानिक भागीदाराची सक्ती गेली. लायसन्स काढलं की त्या लायसन्सवर ठरावीक व्हिसे मिळतात, त्यातला एक मालक स्वतःसाठी घेतो. सहसा दोन वर्षांचा. मेडिकल होते, बोटांचे ठसे होतात, एमिरेट्स आयडी येतो. पण लायसन्सची सर्वात स्वस्त पॅकेजं असतात ती बिनव्हिसाची. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत किंमत असते ती त्यांची. खाली बारीक अक्षरांत ‘झिरो व्हिसा’ लिहिलेलं असतं. माझ्याकडं एक जण लायसन्सची प्रिंट फ्रेम करून घेऊन आले होते. गणपतीशेजारी लावायची म्हणाले. त्यावर व्हिसाचा कोटा शून्य. मी तेवढा आकडा बोटानं दाखवला आणि चहा मागवला.

शिवाय तो परवाना वापरात ठेवावा लागतो. सलग १८० दिवसांहून जास्त बाहेर राहिलात तर साधा रहिवासी परवाना रद्द होतो. हळदीच्या हंगामात फेब्रुवारी ते मे तुम्ही सौद्यांतून हलणार नाही, त्यातच द्राक्षं आणि बेदाणा, त्यामुळं तारखा मोजून तिकिटं काढावी लागतील. आणि ‘दुबईत टॅक्स नाही’ हेही जुनं झालं. ५ टक्के व्हॅट २०१८ पासून आहे आणि जून २०२३ पासून सुरू होणाऱ्या हिशेब वर्षांना कंपनी करही आला, ३ लाख ७५ हजार दिरहॅमच्या वरच्या नफ्यावर ९ टक्के.

अमेरिकेचं तुम्ही विचारलं नाही, पण कुणीतरी विचारेलच, म्हणून थोडक्यात. एलएलसी, म्हणजे तिथली मर्यादित जबाबदारीची कंपनी, कुणालाही काढता येते, ग्रीन कार्ड लागत नाही. पण तिथं छोट्या गुंतवणूकदारांसाठी जो ई-२ व्हिसा आहे तो ज्या देशांशी तसा करार आहे त्यांच्याच नागरिकांना, आणि भारत त्या यादीत नाही. व्हिडिओत गुजराती मोटेलवाले बघून फसू नका, त्यांच्या कहाण्या वेगळ्या वाटेच्या आहेत. एकट्या परदेशी मालकाची एलएलसी असेल तर एक रुपयाचा धंदा नसतानाही, स्वतः भांडवल घातलं एवढ्यावरून दर वर्षी ५४७२ नंबरचा फॉर्म द्यावा लागू शकतो. चुकला तर दंड २५ हजार डॉलर. इन्स्टाग्रामवर एलएलसी विकणारा हे सांगत नाही.

आता ज्याच्यासाठी मी एवढं लिहायला बसले ते, म्हणजे इकडची बाजू. लोक तिकडच्या व्हिसाची काळजी करतात आणि इकडं रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत हे विसरतात. विसरत नाहीत खरं तर, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. लंडनची कंपनी काढून देणाऱ्या कन्सल्टंटला भारताचा फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा, माहीत असायचं कारण नाही.

तुमची फर्म एकट्याच्या नावावर आहे, म्हणजे परदेशी गुंतवणुकीच्या नियमांत ती ‘भारतीय संस्था’ धरली जात नाही. कंपनी, एलएलपी किंवा नोंदलेली भागीदारी असती तर धरली असती आणि नक्त मालमत्तेच्या चौपटीपर्यंत गुंतवणूक करता आली असती. प्रोप्रायटर म्हणून तुम्ही साधे एक रहिवासी नागरिक. तुम्हाला मर्यादा वर्षाला, म्हणजे एप्रिल ते मार्च, २ लाख ५० हजार डॉलर. हीच मर्यादा सगळ्याला मिळून आहे. परदेशी सहली, पुतण्याला पाठवलेले पैसे आणि कंपनीचं भांडवल, सगळं त्यातच. बायकोची आणि मुलाची मर्यादा तुमच्यात मिसळायची तर तेही त्या कंपनीचे शेअरधारक असायला हवेत. हा पैसा बँकेचं कर्ज काढून पाठवता येत नाही. त्या कंपनीला तुम्ही स्वतः उसने म्हणून द्यायचे तर तेही चालत नाही, शेअरचं भांडवल म्हणूनच द्यायचे.

ऑगस्ट २०२२ मध्ये नवे नियम आले. त्यात परदेशातल्या, शेअर बाजारात नसलेल्या कंपनीचा एक शेअर घेतला तरी ती थेट परदेशी गुंतवणूक. एक पौंडाचा का असेना. त्यासाठी बँकेमार्फत फॉर्म एफसी भरायचा, रिझर्व्ह बँकेकडून त्या कंपनीसाठी एक ओळख क्रमांक येतो, मग पैसे जातात. आणि इथंच सगळे अडकतात. लंडनची कंपनी एका दिवसात निघते. नोंदणीच्या अर्जातच तुमच्या नावावर शंभर पौंडांचे शंभर शेअर लागतात. कन्सल्टंट म्हणतो, भरलेत मी, नंतर बघू. म्हणजे गुंतवणूक होऊन बसली आणि फॉर्म अजून कोराच. त्यावर कडी म्हणजे पैसे तिसऱ्यानंच भरलेत. तुमची कंपनी अजून निघाली नसेल तर ही ओळ दोनदा वाचा.

आपल्या गावातल्या शाखेत हा फॉर्म रोज येत नाही. मार्केट यार्डातल्या एका शाखेत मी स्वतः घेऊन गेले तर साहेबांनी चष्मा वर करून विचारलं, ‘मॅडम, हे आपल्याकडं करतात का?’ करतात, पण फाईल परकीय चलनाच्या मोठ्या शाखेत जाते, शंका येतात, पॅनची प्रत पुन्हा मागतात, तीन आठवडे धरून चाला. चिडू नका. त्या माणसाची सही त्यावर जाते, त्यानं विचारलंच पाहिजे.

मग दर वर्षाची कामं. शेअर सर्टिफिकेट सहा महिन्यांत बँकेला द्यायचं. दर वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत त्या कंपनीचा वार्षिक अहवाल बँकेमार्फत रिझर्व्ह बँकेला. लाभांश किंवा शेअर विकल्याचे पैसे येणं झालं की ९० दिवसांत भारतात आणायचे. तुमचा ताबा असलेल्या त्या कंपनीनं पुढं आणखी एक उपकंपनी काढायची नाही, रहिवासी व्यक्तीला ती मुभा नाही. आयकर विवरणात परदेशी मालमत्तेचं वेगळं परिशिष्ट असतं, त्यात ती कंपनी, तिचं बँक खातं, तुमची सही चालत असेल तर तेही दाखवायचं. काळा पैसा कायदा २०१५ चा, न दाखवल्याचा दंड १० लाख रुपये. २० लाखांपर्यंतच्या, जमीन-घर सोडून इतर मालमत्तांना १ ऑक्टोबर २०२४ पासून त्या दंडातून सवलत आहे, पण दाखवण्यातून सवलत नाही. १० लाखांच्या वर पाठवलंत तर बँक वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, घेते. तो बुडत नाही, विवरणात वळता होतो, पण हंगामात तेवढी रोकड अडकते आणि अडत्याला ते परवडत नाही.

आणि स्वतःच्याच कंपनीला हळद विकणार ना? मग भाव त्रयस्थाला लावाल तोच. रक्कम कितीही लहान असली तरी असे व्यवहार सीएकडून प्रमाणित करून द्यावे लागतात. त्या दिवशीच्या सौद्याची पट्टी जपून ठेवा. सांगलीच्या बाजाराचा भाव रोज जाहीर होतो, यासारखा पुरावा नाही.

चुकीच्या खान्याखाली पैसे पाठवणं हा आमच्याकडचा सर्वात घाऊक गुन्हा. मिरज तालुक्यातले एक बागायतदार. मुलगी लंडनला. बँकेत परदेशी पैसे पाठवायचा ए-२ फॉर्म भरताना कारकुनानं विचारलं, कशासाठी? यांना वाटलं ‘गुंतवणूक’ म्हटलं की कटकट, म्हणून ‘कुटुंबाचा खर्च’ असं सांगितलं. तीन हप्त्यांत १८ हजार पौंड गेले. मुलीनं ते कंपनीत भरले, शेअर वडिलांच्या नावावर लागले. तीन वर्षांनी चांगला भागीदार मिळाला, शेअर विकले, पैसे फायद्यासकट परत यायला निघाले आणि इथली बँक म्हणाली, हे पैसे कशाचे? शेअरचे. शेअर घ्यायला पैसे कधी गेले? मग सगळं उघडं. उशिराचं शुल्क, चूक कबूल करून रिझर्व्ह बँकेकडं तडजोडीचा अर्ज, आठ महिने. माणूस सरळ, पैसा पांढरा, एका शब्दानं चोर ठरायची वेळ आली. फॉर्म परत बघितला तर तो शब्द त्यांच्या अक्षरातलाही नव्हता, कारकुनानं लिहिलेला, खाली सही यांची.

दुबईचा परवाना घेतलात तरी एक लक्षात ठेवा. वर्षात १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिलात तर आयकराला तुम्ही इथलेच रहिवासी, खिशात एमिरेट्स आयडी असो नसो. मग दुबईतलं तुमचं उत्पन्नही इथं करपात्र. इथलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर हे दिवसांचे हिशेब आणखी घट्ट होतात, १२० दिवसांवरही गाडी अडू शकते. पासपोर्टवरचे शिक्के घेऊन बसावं लागतं, आम्ही दर जूनमध्ये हेच करतो.

आता तुमच्या बाबतीत मला काय वाटतं. तुम्हाला लंडनला राहायचंय का? प्रश्नात तसं कुठंच नाही. तुम्हाला माल विकायचाय. त्यासाठी तिथं कंपनी लागत नाही. परकीय व्यापार महासंचालनालयाचा आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा नंबर काढा, ऑनलाइन निघतो. हळदीसाठी मसाला मंडळाची निर्यातदार नोंदणी, बेदाण्यासाठी अपेडाची, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची. इंग्लंडमधला आयातदार माल त्याच्या नावानं उतरवून घेतो, तिथले कर आणि अन्नतपासणी त्याची. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये आणि बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवून ते पाकिटावर छापणं हे लंडनच्या पत्त्यापेक्षा जास्त कामाचं.

दोन-तीन कंटेनर गेले, पैसे वेळेत आले आणि गिऱ्हाईक ‘इथं साठा ठेवा’ म्हणायला लागलं की मग कंपनीचा विषय काढू. तोवर पुतण्या पास होऊन ग्रॅज्युएट व्हिसावर आला असेल. त्यानं स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या नावावर कंपनी काढली तर त्याला तिथं कामही करता येईल आणि तुम्हाला एफसी फॉर्मही नको. तुम्ही त्याला इतर गिऱ्हाइकासारखा माल विका, बिल करा, पैसे बँकेतून घ्या. त्याच्या कंपनीत ‘नुसते दहा टक्के काकांचे’ असा मोह झाला तर मात्र वरचे सगळे फॉर्म परत सुरू, आणि त्या दहा टक्क्यांनी तुमचा व्हिसा एक दिवसही वाढणार नाही.

राहता राहिले ते दहा हजार. कन्सल्टंटला आजच दोन गोष्टी विचारा. कंपनीची नोंदणी झाली का, झाली असेल तर शेअर कुणाच्या नावावर आणि पैसे कुणी भरले. आणि डायरेक्टर झाल्यावर जो व्हिसा आपोआप होतो म्हणता त्याचं नाव काय, तिथला कोणता वकील किंवा तिथल्या इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटीकडं नोंदलेला कोणता सल्लागार तो अर्ज करणार. व्हॉट्सॲपवरचा आवाजी निरोप नको, मेलवर लिहून घ्या. नोंदणी झालेली असेल तर पुढचा कुठलाही पैसा न पाठवता तो कागद घेऊन या, उशीर थोडा असेल तोवर निस्तरणं स्वस्त पडतं. झालेली नसेल तर थांबवायला सांगा, आणि उरलेले पंचवीस हजार देऊ नका.